पाणी कोणत्या दिवसाचे मोजायचे?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. तिकडच्या कोणत्याही काउंटीची माहिती काढली, की जमिनीचे क्षेत्रफळ वेगळे आणि पाण्याचे वेगळे, असे दोन आकडे लगेच मिळतात. आपल्या नाशिक जिल्ह्याचे मात्र एकच क्षेत्रफळ सापडते. तेही एका ठिकाणी १५,५३० चौरस किलोमीटर, तर दुसऱ्या ठिकाणी १५,५८२. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून घरी संगणक आहे. सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीवरून जिल्ह्याची जमीन किती आणि पाणी किती, हे मला स्वतः मोजता येईल का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : मोजता येईल, आणि खर्चही येणार नाही. तुमच्या मुलीच्याच राज्यातील कीविनॉ काउंटीचे एकूण क्षेत्र सुमारे १५,४५० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या जिल्ह्याएवढे भरते. पण त्यात जमीन अवघी १,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास असून उरलेले जवळपास सगळे लेक सुपीरियरचे पाणी आहे. असे जिल्हे असलेल्या देशात एकाच आकड्यावर भागत नाही, म्हणून तिथले जनगणना कार्यालय प्रत्येक काउंटीची जमीन आणि पाणी चौरस मीटरमध्ये वेगवेगळे देते. मात्र त्यांचा एक नियम ध्यानात ठेवावा : जे पाणी वर्षातून काही काळच असते, ते तिथे जमिनीत धरले जाते. हा नियम आपल्याकडे लावला तर तुमची देव नदी आणि तिच्यासारखे कित्येक नाले-ओढे जमिनीच्याच खात्यात जमा होतील.

आपल्याकडे पाणी वेगळे का दिसत नाही, याचे कारण नोंदीच्या पद्धतीत आहे. जनगणनेत जिल्ह्याचे जे क्षेत्रफळ छापले जाते, ते सर्व्हे ऑफ इंडियाकडून आलेले, सीमारेषेच्या आतील एकूण क्षेत्र असते. महसुली दप्तरावरून तयार होणाऱ्या जमीन वापराच्या नऊ वर्गांत नदी आणि कालव्यांखालची जागा ‘बिगरशेती वापराखालील क्षेत्र’ या वर्गात इमारती, रस्ते आणि रेल्वे यांच्याबरोबर मोडते. एकदा त्या बेरजेत गेलेले पाणी पुन्हा वेगळे काढता येत नाही. तुम्हाला दिसलेल्या दोन आकड्यांतील फरक ५२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा आहे. इगतपुरी-त्र्यंबककडची सह्याद्रीच्या धारेवरून वळणे घेत जाणारी सीमा थोडी ढोबळ काढली तरी एवढे अंतर सहज पडू शकते.

आता प्रत्यक्ष मोजणी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून जिल्ह्याची सीमारेषा घ्यावी आणि क्यूजीआयएस या नकाशे हाताळणाऱ्या मोफत संगणक-प्रणालीत उघडावी. इथेच बहुतेक जण पहिली ठेच खातात. मीही खाल्ली आहे. आधी मला जिल्ह्याचे क्षेत्रफळ १.३४ मिळाले, कारण प्रणाली अक्षांश-रेखांशांच्या अंशांत गुणाकार करत होती. ते सुधारले तर सुमारे १७,७०० चौरस किलोमीटर आले आणि क्षणभर वाटले, की सरकारी आकडाच चुकला असावा. चूक माझी होती. संगणकावरील बहुतेक रस्त्यांचे नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) ज्या प्रकारात काढलेले असतात, त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगत जाते आणि आपल्या २० अंशांच्या अक्षांशावर ते तेरा-चौदा टक्क्यांनी जास्त दिसते. त्यामुळे पृथ्वीचे रेखांशांनुसार विभाग पाडणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाचा उत्तर गोलार्धातील ४३ वा विभाग निवडावा. तो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा असून आपला जिल्हा त्यात पूर्ण सामावतो आणि क्षेत्रफळातील चूक एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहते. या सगळ्या मोजणीत जमीन सपाट धरलेली असते. साल्हेरचा चढ तुमच्या पायांना कितीही जाणवला, तरी क्षेत्रफळात त्याची फक्त सपाटीवर पडणारी व्याप्तीच येते.

पाण्यासाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची छायाचित्रे घ्यावीत. ती विनामूल्य असून त्यांतील मुख्य पट्ट्यांचा (पट्टा म्हणजे एकेका रंगाच्या किरणांची वेगळी नोंद) एक पिक्सेल, म्हणजे चित्रातील सर्वांत लहान चौकोन, जमिनीवरील १० बाय १० मीटरचा असतो, म्हणजे शंभर पिक्सेल मिळून एक हेक्टर. पाणी डोळ्यांना न दिसणारी निकट-अवरक्त किरणे जवळपास पूर्ण शोषून घेते, तर पीक आणि माती ती परत पाठवतात. म्हणून हिरव्या पट्ट्यातून निकट-अवरक्त पट्टा वजा करून त्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागले, की शून्याच्या वर येणारे पिक्सेल बहुतांशी पाण्याचे असतात. १९९६ पासून वापरात असलेली ही सोपी रीत आहे. तिची दोन ठिकाणी फसवणूक होते. त्र्यंबकच्या डोंगरांच्या उतारावरील हिवाळ्यातील सावल्या तिला पाणी वाटतात. आणि नांदूरमध्यमेश्वरला नेमके उलटे घडते : चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर उभे राहिल्यावर समोर पसरलेला जलाशय आपण डोळ्यांनी पाहतो, पण त्यावर पाणवेली दाटल्या, की उपग्रहाला तिथे हिरवेगार रान दिसते. राज्यातील या पहिल्या रामसर स्थळाचे (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचे) पाणी अशा वेळी जमिनीत मोजले जाते. तेवढा भाग हाताने रेखून घेण्याला पर्याय नाही.

पण तुमच्यासारख्या पाटबंधारे खात्यातल्या माणसाला खरी अडचण कोणती, हे मी सांगायला नको. ऑक्टोबरच्या मध्यात गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, चणकापूर ही धरणे भरलेली असतात, तर मेअखेर त्यांच्याच बुडीत क्षेत्रात गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत घेतलेली, पिकेही काढून झालेली असतात. त्या जमिनीला काय म्हणायचे? माझे मत असे, की एकच आकडा काढण्याचा हट्ट सोडावा. पूर्ण जलसंचय पातळीच्या जवळचा, म्हणजे आकाश निवळल्यानंतरच्या ऑक्टोबरमधील एक आकडा आणि मेमधील दुसरा आकडा द्यावा, दोन्हींपुढे तारीख लिहावी, आणि जमीन म्हणून जो आकडा सांगाल तो कोणत्या एकूण क्षेत्रातून कोणते पाणी वजा करून आला तेही लिहावे. यासाठी स्वतः छायाचित्रे चाळायची नसतील, तर युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या छायाचित्रांवरून तयार केलेला जगभरातील भूपृष्ठजलाचा संच खुला आहे. त्यात बारमाही आणि हंगामी पाणी वेगळे दाखवलेले आहे. अमेरिकेच्या आकड्याशी तुलना करायची असेल, तर आपले बारमाही पाणीच घ्यावे, नाहीतर मुलीशी वाद होईल.

प्रश्न : आमच्या भागात द्राक्षबागांसाठी गावोगावी शेततळी आहेत. ती या मोजणीत येतात का?
— एक वाचक, चांदवड

उत्तर : लँडसॅटच्या संचात बरीचशी निसटतात. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतील सर्वांत मोठे तळे ३० बाय ३० मीटरचे होते, आणि लँडसॅटचा एक पिक्सेलही तेवढाच असतो. पण तळे पिक्सेलच्या चौकटीत नेमके बसवून कोणी खोदत नाही. ते चार पिक्सेलांत वाटले जाते आणि त्यांतील बहुतेकांत पाण्यापेक्षा बांध आणि बागच जास्त उरते. सेंटिनेलमध्ये त्याचे जेमतेम नऊ पिक्सेल होतात, त्यांतीलही कडेचे संशयास्पदच. शिवाय आतला प्लास्टिकचा कागद रिकाम्या तळ्यातही कधीकधी पाण्यासारखा भासतो. एका गावाची शेततळी मोजायची असतील, तर गावात फिरून मोजणे लवकर होईल.

प्रश्न : गिरणा धरणाचे पाणी जळगावला आणि वैतरणेचे मुंबईला जाते. मग ते नाशिकच्या खात्यात का धरायचे?
— एक वाचक, नांदगाव

उत्तर : क्षेत्रफळात पाणी कुठे उभे आहे एवढेच पाहिले जाते, ते कोण पितो हे पाहिले जात नाही. त्यामुळे जलाशयाचा जेवढा भाग जिल्ह्याच्या सीमेच्या आत आहे तेवढा नाशिकचा. वाटपाचा हिशेब दशलक्ष घनफुटांत होतो आणि त्याची वही वेगळी असते.