72 लाखांच्या फ्लॅटमधले 22 लाख रोख घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: कोथरूडचा टू बीएचके, ठरलेली किंमत 72 लाख. गिऱ्हाईक म्हणतं, "लोन काढायचं नाही, महिनाभरात उरकू. खरेदीखत 50 चं करा, वरचे 22 रोख देतो."

नोटा घेऊ नका. लोनशिवाय घेणारं गिऱ्हाईक मात्र सोडू नका. तो खरंच पैसेवाला असेल तर पूर्ण 72 लाख त्याच्या खात्यातून तुमच्या खात्यात येऊ शकतात, तेवढंच त्याला ठामपणे सांगा.

आधी त्या 22 लाखांचा हिशेब बघा. फ्लॅट दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे आहे असं धरतो. हे 22 लाख कागदावर दाखवले तर भांडवली नफ्यावरचा वाढीव कर 12.5 टक्क्यांनी 2 लाख 75 हजार, सेस धरून 2 लाख 86 हजार (जास्त उत्पन्नावरचा अधिभार लागत नसेल तर). नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या घरात गुंतवलात तर तोही वाचू शकतो. रोख घेतलेत तर? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 1 जून 2015 पासून बंदी आहे (1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 269 एसएस), आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच, म्हणजे 22 लाख. तो घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. व्यवहार फिसकटला तरी बंदी लागू राहते, आणि 19-19 हजारांचे तुकडे पाडूनही सुटका नाही, कारण कायदा बेरीज धरतो.

गिऱ्हाइकाला मात्र पुण्यातल्या 7 टक्क्यांनी 22 लाखांवरचं 1 लाख 54 हजार मुद्रांक शुल्क वाचतं, शिवाय बेहिशेबी पैसा घरात मुरतो. जोखीम तुमची, फायदा त्याचा. तेही वाचेलच असं नाही. रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) फ्लॅटची किंमत 60 लाख निघत असेल तर शुल्क 60 वरच बसणार. आणि कागदावरच्या किमतीपेक्षा रेडी रेकनर 10 टक्क्यांपर्यंत जास्त असला तरच चालतं (50 ला 55 पर्यंत), ती मर्यादा ओलांडल्यामुळे तुमचाही कर 60 धरूनच मोजला जाणार. 30 लाख आणि वरच्या व्यवहारांची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते. रोखीवरून वाद होऊन कोर्टात गेलात तर तिथूनही जाते: 2 लाख किंवा जास्त रोख दिल्याचा दावा समोर आला की आयकर खात्याला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये कोर्टांना बजावलं आहे.

आता सरळ व्यवहार कसा करायचा ते. लोन असलं की बँक कागद तपासते, पैसे वेळेवर सोडते. इथे ते काम तुमच्यावर येतं. फ्लॅट बाजारातून काढण्याआधी त्याचं बँक स्टेटमेंट किंवा एफडीच्या पावत्या बघा. विसार पावती (बयाण्याची पावती) लाखभराच्या चेकची करा, तीत खरेदीखताची तारीख आणि तो मागे हटला तर काय, हे लिहा. नोंदणीकृत साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) मात्र मी तरी टाळायला सांगेन. ते रद्द करायला पुन्हा दोघांच्या सह्यांचा नोंदणीकृत रद्दलेख लागतो. गिऱ्हाईक अडून बसलं तर फ्लॅट अडकतो. लोन नसताना थेट खरेदीखतच करा. सोसायटीची एनओसी आणि शेअर सर्टिफिकेट तोवर हाताशी ठेवा.

किंमत 50 लाख किंवा वर असल्यामुळे गिऱ्हाईक 1 टक्का टीडीएस (तुमच्या नावावर सरकारकडे भरायचा कर) कापणार: 72,000. तुमच्या हातात 71,28,000, त्यातला लाख विसाराचा, म्हणजे शेवटच्या दिवशी 70,28,000. तुमचं पॅन आधारशी जोडलेलं आहे ना ते आजच बघा, नसेल तर कपात 20 टक्क्यांनी होते. मालकांत कुणी परदेशी राहणारा भाऊ-बहीण असेल तर त्याच्या हिश्श्याला हा 1 टक्का लागत नाही. आधी सीएला भेटा.

सगळ्यात जास्त गडबड शेवटच्या दिवशी होते. नव्याने जोडलेल्या खात्यावर बँका सुरुवातीला थोडीच रक्कम जाऊ देतात. म्हणून दोन-तीन दिवस आधी तुमचं खातं जोडून एक रुपया पाठवायला सांगा, आणि एफडी मोडायची असेल तर ती आधीच मोडलेली असू दे. निबंधक कार्यालयात थंब देण्याआधी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव बघा. व्हॉट्सॲपवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. काकाच्या किंवा कंपनीच्या खात्यातून आले असतील तर थांबा. यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) खरेदीखतात यायलाच हवा. पुढच्या तारखेचे चेक घेऊन सही केलीत तर मालकी जाते, चेक परत आला की वसुलीचा दावा लावत बसावं लागतं.

चावी आणि ताबा पावती पैसे जमा झाल्यावरच द्या.