विस्ताराआधीच्या रिकाम्या महिन्यांत काय करावे?

प्रश्न : मी गेली तीन वर्षे 'फायनल फँटसी १४' हा ऑनलाइन गेम खेळत आहे. मुख्य कथा संपली आहे, सामुराई हा एकच जॉब (पात्राचा पेशा) १०० व्या लेव्हलवर आहे आणि आमचा आठ जणांचा रेडचा (मोठ्या सामूहिक लढायांचा) गट शेवटचा टप्पा जिंकून पांगला आहे. गेमचा नवा विस्तार, म्हणजे नव्या कथेचा पुढचा मोठा भाग, यायला अजून काही महिने आहेत. सवयीने रोज लॉगइन करतो, लिम्सा लोमिन्सा या गेममधल्या शहराच्या चौकात उभा राहतो आणि काहीही न करता अर्धा तास गेला की गेमच मला बाहेर काढतो. टोमस्टोन, म्हणजे गियर (शस्त्रे-चिलखते) घेण्याचे गेममधले चलन, मात्र २,००० च्या मर्यादेपर्यंत भरून ठेवले आहेत. ते पुढे उपयोगी पडतील का, आणि या काळात नेमके काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टोमस्टोनचे आधी सांगतो, कारण तिथे आपली निराशा होणार आहे. विस्ताराच्या अखेरीस जे टोमस्टोन जमवण्यासाठी सगळे धावत असतात, ते पुढचा विस्तार आला की मिळायचे बंद होतात आणि शिल्लक उरलेल्यांच्या बदल्यात पोएटिक्स हे जुने टोमस्टोन घ्यायला गेल्यास हाती फार थोडे पडते. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, ज्या गियरसाठी आपण आठवडेच्या आठवडे खर्ची घातले, तेच गियर नंतर पोएटिक्सवर मिळू लागते. जुलै २०२४ मध्ये डॉनट्रेल हा विस्तार आल्यावर त्याआधीच्या एंडवॉकर विस्ताराच्या अखेरच्या क्रेडेंडम या गियरच्या संचाचे हेच झाले. तेव्हा हातातले टोमस्टोन आताच खर्च करा. दुसऱ्या एखाद्या जॉबसाठी गियर घ्या, नाहीतर कारागिरांना लागणारा कच्चा माल घेऊन बाजारात विका. साठवायचेच असेल तर पोएटिक्स साठवा. त्यांचीही मर्यादा २,००० चीच आहे, पण नव्या विस्ताराच्या पहिल्याच दिवशी त्यांतून एखाद्या मागे पडलेल्या जॉबची बरीचशी सोय लागते.

माझे मत असे आहे की, या महिन्यांत विस्ताराच्या पहिल्या दिवसानंतरही टिकेल असेच काम हाती घ्यावे, आणि जे टिकणार नाही ते केवळ मौज म्हणून, मनापासून आवडत असेल तरच करावे. गियर टिकत नाही. जॉबच्या लेव्हल टिकतात, आणि या गेममध्ये एकाच पात्राला सगळे जॉब शिकता येतात, ही सोय बरेच जण वर्षानुवर्षे वापरतच नाहीत. आपण फक्त सामुराई हा प्रहार करणारा जॉब वाढवला आहे, म्हणजे डंजनच्या (गटाने पार करायच्या मोहिमांच्या) रांगेत आपण नेहमीच सर्वांत मोठ्या गर्दीत उभे असता. डॉनट्रेलबरोबर आलेले वायपर आणि पिक्टोमॅन्सर हे दोन्ही जॉब प्रहार करणारेच होते. साहजिकच पहिल्या आठवड्यांत ज्याला त्याला तेच खेळून पाहायचे होते, आणि टँक (शत्रूचे वार अंगावर झेलणारा) किंवा हीलर (सोबत्यांना बरे करणारा) घेऊन येणाऱ्यांना मात्र रांगेत जवळजवळ थांबावेच लागत नव्हते. आताच्या निवांतपणात एक टँक किंवा एक हीलर १०० पर्यंत नेऊन ठेवला, तर नव्या विस्तारातले कथेचे डंजन अडवत नाहीत. रोजच्या रूलेटचा, म्हणजे गेमनेच निवडून दिलेल्या मोहिमेचा, बोनस घेत गेल्यास हे काम दिवसाकाठी तासाभरात, फारसा शीण न होता होते. टँक होण्याची भीती वाटत असेल तर सुरुवात ड्युटी सपोर्टने करावी; तिथे सोबती गेमचेच असतात आणि चुकल्यास कोणी काही बोलत नाही.

याच्या जोडीला एक जुनी युक्ती सांगतो, जी जाणकार खेळाडू प्रत्येक विस्ताराआधी वापरतात. गेममधल्या आयडिलशायर गावात क्लोई नावाची मुलगी दर आठवड्याला 'वंड्रस टेल्स'ची एक वही देते. वहीत सोळा कामे असतात, त्यांतून नऊ शिक्के मिळवले की वही परत द्यायची आणि बक्षीस घ्यायचे. या बक्षिसाबरोबर सुमारे अर्ध्या लेव्हलइतका अनुभव मिळतो, मात्र जॉब शेवटच्या लेव्हलवर असेल तर तो वाया जातो. वही मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत परत द्यावी लागते. म्हणून विस्ताराच्या आधीच्या मंगळवारी, आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी दीडनंतर नवी वही घ्यायची, नऊ शिक्के पूर्ण करायचे आणि ती तशीच पिशवीत ठेवून द्यायची; कमाल लेव्हल वाढल्यावर ती क्लोईच्या हाती द्यायची. ऐन घाईत ती द्यायचीच विसरणारेही असतात. एकदा मी त्यांच्यात होतो.

कारागिरीचे जॉब वाढवायचे असतील तर आजपासून लेव्हच्या, म्हणजे अनुभव देणाऱ्या छोट्या कामांच्या, परवानग्या खर्च करू नका. त्या दर बारा तासांनी तीन या हिशेबाने जमतात आणि शंभरावर थांबतात, म्हणजे शून्यापासून शंभर व्हायला जवळपास सतरा दिवस लागतात. विस्तार आल्यावर परवानग्या नाहीत म्हणून हळहळणारे लोक मी प्रत्येक वेळी पाहिले आहेत. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, तर सतरा दिवस पाण्यावाचून काढावे लागणारच.

पिशवीही आताच आवरा. पिशवीत १४० रकाने आणि फुकट मिळणाऱ्या दोन रिटेनरांकडे (सामान सांभाळणाऱ्या नोकरांकडे) प्रत्येकी १७५ असूनही जागा पुरत नाही, याचे कारण आपण 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेली जुनी कातडी, खनिजे आणि चार विस्तारांपूर्वीच्या माशांचे तुकडे हेच असते. ज्या कच्च्या मालाला आज बाजारात गिऱ्हाईक आहे, तो आजच विकलेला बरा, कारण नवी पाककृती आणि नवी आयुधे आली की जुन्या मालाची मागणी बसते.

हे सगळे करूनही संध्याकाळ उरत असेल तर मासेमारीला जा. लिम्सा लोमिन्साच्या धक्क्यावरून दर दोन तासांनी बोट सुटते. भारतात ती संध्याकाळी साडेसातला, मग साडेनऊला, मग साडेअकराला. नावनोंदणी पंधरा मिनिटेच खुली असते, बोटीवर जास्तीत जास्त चोवीस जण असतात, आणि मध्येच एखाद्याच्या गळाला ठरावीक मासा लागला की समुद्रावर रंगीत प्रकाश पसरून सगळ्यांनाच मासे भराभर लागू लागतात. त्या वेळी अनोळखी चोवीस माणसे एकदम काहीबाही टाइप करू लागतात. ज्याचा रेडचा गट पांगला आहे, त्याला ही सोबत बरी वाटते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : विस्तार येईपर्यंत सबस्क्रिप्शन बंद ठेवावे असे मनात आहे, पण गेममधल्या लॉटरीत मोठ्या नशिबाने लागलेले घर हातचे जाईल अशी भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : सबस्क्रिप्शन बंद करण्यात काहीही गैर नाही. या गेमचे निर्माते आणि दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे की, खेळण्यासारखे काही उरले नाही असे वाटले तर दुसरे खेळ खेळावेत आणि नवे काही आले की परत यावे. दरमहा पैसे घेणाऱ्या गेमचा प्रमुख असे म्हणतो, हे मला आजही नवलाचे वाटते. आपली अडचण फक्त घराची आहे. मालकाने सलग ४५ दिवस घरात पाऊल ठेवले नाही, तर वैयक्तिक घर पाडले जाते. इथे अंगणात उभे राहून भागत नाही, दारातून आत जावे लागते, आणि घरात वावरण्याची परवानगी दिलेल्या मित्राने जाऊन उपयोग नसतो. पूर्वी काही आपत्तींच्या काळात, उदाहरणार्थ २०२० च्या साथीत, पाडापाडी स्थगित ठेवली होती. पण त्या भरवशावर राहू नये. व्यवहारी मार्ग असा की, एक महिना सबस्क्रिप्शन चालू ठेवावे, तो संपायच्या शेवटच्या दिवशी घरात जाऊन यावे, आणि पुढचे पैसे त्यानंतर साधारण चाळिसाव्या दिवशी भरावेत. म्हणजे सत्तर दिवसांच्या आसपास एका महिन्याच्या पैशांत निभावते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, फोनवरची आठवण आपण न वाचताच बाजूला सारतो. आपले घर म्हणजे अपार्टमेंट असेल तर हा नियम लागू होत नाही, निर्धास्त राहावे.

प्रश्न : माझा भाऊ आत्ता कुठे हेवन्सवर्ड या पहिल्या विस्तारापर्यंत पोहोचला आहे. विस्ताराच्या दिवशी दोघांनी मिळून सुरुवात करावी असे ठरले आहे. त्याने कथा ओलांडण्याची विकतची सोय घ्यावी का? आणि मी पहिल्या दिवशी ऑफिसातून रजा घ्यावी का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधीची मुख्य कथा पूर्ण केल्याशिवाय नव्या विस्तारात पाऊल ठेवता येत नाही, त्यामुळे भावाने आजपासूनच लागावे. विकतची सोय मात्र घेऊ नये. या गेमचा जीव कथेतच आहे, आणि सर्वांत रेंगाळणारा पहिला भाग, ज्याची ऑगस्ट २०२० मध्ये बरीच काटछाट झाली, तो भावाने तर ओलांडलाच आहे. पुढचे सगळे चढत्या क्रमाने चांगले आहे. विस्तारापर्यंत पोहोचला नाही तर आपण एखादा नवा जॉब घेऊन त्याच्याबरोबर मागे खेळावे, तेही वाया जाणार नाही.

रजेविषयी एक प्रसंग आठवतो. ३ डिसेंबर २०२१ रोजी एंडवॉकरचा अर्ली ॲक्सेस, म्हणजे आगाऊ नोंदणी केलेल्यांना आधी मिळणारा प्रवेश, सुरू झाला तेव्हा लॉगइनच्या रांगा हजारोंच्या लागल्या होत्या. एका डेटा सेंटरच्या रांगेत १७,००० च्या वर लोक झाले की '२००२' हा एरर येऊन आपण रांगेबाहेर फेकले जात होतो. कंपनीने भरपाई म्हणून एकूण २१ दिवस फुकट दिले आणि नव्या प्रतींची विक्रीच थांबवली, ती २५ जानेवारी २०२२ पर्यंत. डॉनट्रेलच्या वेळी इतकी दैना झाली नाही. तरीही अर्ली ॲक्सेस शुक्रवारी, भारतात दुपारी अडीचच्या सुमारास उघडतो, आणि युरोपच्या सर्व्हरांवर आपली संध्याकाळ आणि त्यांची दुपार यांची गर्दी एकत्र येते. आपले सर्व्हर युरोपचे असतील तर शुक्रवारी ऑफिसला जावे, शनिवारी सकाळी सहाला उठून तिकडे मध्यरात्र असताना लॉगइन करावे, आणि रजा घ्यायचीच असेल तर सोमवारची घ्यावी.