प्रेसचा दांडा अडकतोय? आधी जोर थांबवा

काडतुसं पुन्हा भरायच्या (रीलोडिंग) प्रेसचा दांडा अडकला की जोर लावू नका. नवशिके सगळ्यात जास्त इथेच चुकतात. नवा प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी छोटी टोपी) वाकडा बसला असेल तर दाबाने तो उडू शकतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. प्रायमर आणि पावडर (बारूद) दूर ठेवा, मगच शोधाशोध.

आता रिकाम्या प्रेसचा दांडा वर-खाली करून बघा.

- रिकामी असतानाही खरखरते: बहुधा रॅमवर (दांड्याने वर-खाली होणाऱ्या खांबावर) जुन्या प्रायमरची काजळी साचली आहे. ती बारीक वाळूसारखी घासते. कापडाने स्वच्छ पुसा, मग तेलाचा एखादाच थेंब. घाणीवरच तेल ओतलं तर चिखल होतो, आणि तेल लागलेला प्रायमर निकामी होऊ शकतो.
- फक्त केस (काडतुसाचं रिकामं कवच) घातल्यावर अडकते: बहुतेक वेळा केसला लावायचं ल्यूब (वंगण) कमी पडलेलं असतं. निमुळत्या मानेच्या रायफल केसला ते लागतंच. पण थापू नका, केसच्या खांद्यावर (मानेखालच्या उतारावर) खळगे पडतात.
- केस डायमध्ये (तिला आकार देणाऱ्या साच्यात) रुतली: ओढाताणीत रिम, म्हणजे केसच्या बुडाची कड, तुटते. रुतलेली केस काढायला स्टक केस रिमूव्हर मिळतो, तोच वापरा.

प्रोग्रेसिव्ह प्रेस (दांड्याच्या एका फेरीत अनेक कामं करणारी) असेल तर टायमिंगच्या, म्हणजे त्या कामांचा मेळ जुळवणाऱ्या, स्क्रूला इतक्यात हात लावू नका. बिनधास्त विचारत राहा, साफसफाईनेच बरंच सुटेल.