पर्यावरण आणि स्वच्छ ऊर्जेच्या क्षेत्रात वरच्या पदावर जायचं तर कोणता कोर्स करावा?

तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर, डेअरी प्लँटच्या युटिलिटीत (वीज, वाफ, हवा पुरवणाऱ्या विभागात) ४ वर्षं झाली, आता ‘सस्टेनेबिलिटी हेड’ व्हायचंय. इथपर्यंत ठीक. पण प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय, ‘पंप-ब्लोअर तर ऑपरेटरच बघतात, लीडरकडे व्हिजन लागतं, म्हणून मॅनेजमेंटचा कोर्स करू का?’ हे उत्तर या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

कोर्सचं आधी उरकतो. बीईईची (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची) एनर्जी मॅनेजर-ऑडिटरची परीक्षा द्या. पहिले ३ पेपर सुटले की मॅनेजर, चौथाही सुटला की ऑडिटर. इंजिनिअरला ३ वर्षांचा अनुभव लागतो, तो तुमच्याकडे आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ठरवून दिलेल्या मोठ्या ग्राहकांना एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो, त्यामुळे कागदाला किंमत आहे. जोडीला १९७४ चा पाण्याचा कायदा, १९८१ चा हवेचा आणि १९८६ चा पर्यावरण कायदा मुळातून वाचा. त्याहून आधी तुमच्या कारखान्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र अटींसकट वाचा. बहुतेकांनी ते फक्त फ्रेममध्ये पाहिलेलं असतं.

आता व्हिजन. डेअरीतलंच एक प्रकरण सांगतो. कारखान्याचं नाव सांगणार नाही, आणि गरजही नाही, कारण असं ठिकठिकाणी घडतं.

व्यवस्थापनाने वीज वाचवायचं टार्गेट दिलं. युटिलिटीवाल्यांनी यादी काढली. ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटचा) एरेशन ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, ३० किलोवॅटचा, प्रत्यक्षात साधारण २५ ओढतो आणि २४ तास चालतो. रात्री ११ ते पहाटे ५ पाणी कमी येतं, मग ६ तास बंद ठेवा. रोजचे १५० युनिट वाचले. युनिटला ९ रुपये धरले तर महिन्याला ४० हजार. स्लाइडवर हिरवा बाण, टाळ्या, पुढचा विषय.

टाकीत काय होतं ते बघा. एमएलएसएस (दर लिटरमधला तरंगता गाळ, मिलिग्रॅममध्ये) ३५०० च्या आसपास असलेल्या टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमवर असला तर ब्लोअर बंद झाल्यावर ५-१० मिनिटांत तो शून्यावर येतो. उरलेले जवळजवळ सहा तास घाण खाणारे जिवाणू गुदमरतात. हवेबरोबर ढवळणंही थांबतं, म्हणून गाळ खाली डिफ्यूझरवर (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या छिद्रांच्या भागावर) बसतो. आठवड्याभरात तपकिरी गाळ काळपट होतो, पहाटे कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. सिक्युरिटीवाला तक्रार करतो, तर त्याला ‘डेअरीत वास येणारच’ म्हणून परत पाठवतात. त्या महिन्यातलं बरोबर निदान त्या एकट्यानेच केलेलं असतं.

पुढे डिफ्यूझरची भोकं बुजतात. डिफ्यूझर ४.२ मीटर पाण्याखाली असेल तर पाण्याचाच दाब ०.४१ बार, लाइन आणि मेम्ब्रेनचा (डिफ्यूझरवरच्या छिद्रांच्या रबराचा) धरून गेज ०.५ ला असायला हवा. तो ०.६ दाखवायला लागतो. रूट्स (आतल्या फिरत्या लोबांनी हवा ढकलणाऱ्या) ब्लोअरचा पॉवर दाबाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २० टक्के जास्त. २५ किलोवॅटचे २० टक्के म्हणजे ५, गुणिले १८ तास, म्हणजे ९० युनिट. रात्री वाचवलेल्या १५० मधले ९० दिवसा परत गेले. हे कुठल्याही स्लाइडवर येत नाही, कारण ईटीपीला वेगळा मीटरच नसतो.

तोवर गाळ फुगायला लागलेला असतो. कमी ऑक्सिजनमध्ये तंतूसारखे जिवाणू माजतात आणि गाळ कापसासारखा हलका होतो. १ लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरून ३० मिनिटं ठेवा. आधी ३५० मिलीवर बसणारा गाळ आता ९०० वरच लोंबकळतो. एमएलएसएस ३५०० वरून ३००० वर आलेला असेल तर एसव्हीआय (१ ग्रॅम गाळ किती मिली जागा व्यापतो तो आकडा) १०० चा ३०० झाला. १५० च्या वर गेला की सावध व्हायचं असतं. क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवरून) गाळ वाहून जातो, बीओडी (जिवाणूंना घाण संपवायला लागणारा ऑक्सिजन) संमतीपत्रातल्या मर्यादेत राहत नाही, ऑपरेटर घाबरून गाळ बसवणारं पॉलिमर वाढवतो. शेवटी दुसऱ्या प्लँटवरून गाळाचे टँकर आणायचे आणि पुढचे ३-४ आठवडे भार कमी ठेवून टाकी सावरायची. ४० हजारांचं काय झालं ते अकाउंट्सला विचारा.

यात कोण चुकलं? ऑपरेटर नाही, त्याने सांगितलेलं बटण दाबलं. युटिलिटीवाले त्यांच्या टार्गेटपुरते बरोबर. चूक अशी की विजेचं बिल एका साहेबाकडे, ईटीपी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही आकडे एका पानावर लिहिणारा कुणीच नाही. ते पान लिहिणारा माणूस म्हणजे तुमचा सस्टेनेबिलिटी हेड. त्याच्या व्हिजनमध्ये सिलिंडरमधला गाळ नसेल, तर असलं व्हिजन वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावरच शोभतं.

मग वीज वाचवायचीच नाही का? वाचवायची, पण मोजून. हातातला डीओ (विरघळलेल्या ऑक्सिजनचा) मीटर घ्या, टाकीच्या ३-४ जागी पृष्ठभागापासून १ मीटर खाली, दर तासाला, सलग ३ दिवस. त्यात एक रविवारची रात्र यायलाच हवी. रात्री आकडा ४ च्या वर जात असेल तर तेवढी हवा फुकट चालली आहे. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा आणि १.५ ते २ वर धरा.

इथे सल्लागार हमखास थाप मारतात: ‘वेग २० टक्के कमी केला की वीज निम्म्यावर.’ हा नियम सेंट्रिफ्यूगल पंखा-पंपाचा. रूट्स ब्लोअर दर फेऱ्याला ठरलेली हवा ढकलतो आणि समोरचा दाब पाण्याच्या उंचीने ठरलेला आहे. त्यामुळे वेग २० टक्के घटला तर वीजही साधारण २० टक्केच घटते. २५ चे २० झाले, रात्रीच्या ८ तासांत ४० युनिट. प्रस्तावात एवढंच लिहा. आणि ब्लोअर वाटेल तेवढा हळू चालवायचा नसतो. लोबच्या फटीतून हवा मागे फिरते, तापमान चढतं, लोब घासतात. उत्पादकाने दिलेल्या किमान आरपीएमच्या खाली जायचं नाही, आणि गाळ तरंगता राहील इतकी हवा ठेवायचीच. डिफ्यूझर बदलायची वेळ आली तर एकच विचारा, मेम्ब्रेन तुपा-लोण्याला टिकतो का. साधा ईपीडीएम रबर स्निग्ध पाण्यात खराब होत जातो, म्हणून ऑइल-ग्रीस ट्रॅप रोज साफ व्हायला हवा.

पण खरी वीज ईटीपीत वाचतच नाही. ती पॅकिंग सेक्शनच्या गटारात वाचते. १ लिटर दुधात साधारण १०० ग्रॅम बीओडी असतो. दिवसाला ५०० लिटर दूध गटारात गेलं, गळक्या पाऊचचं, सायलोच्या तळाचं, सीआयपीआधी (यंत्रं न उघडता आतून धुण्याआधी) लाइनमध्ये राहिलेलं, तर ५० किलो बीओडी तुमच्या टाकीत आला. १ किलो बीओडी काढायला हवेपोटी ढोबळ १ युनिट धरा, म्हणजे ५० युनिट. व्हीएफडीने वाचवले त्याहून जास्त. शिवाय ५०० लिटर दुधाची किंमत तुम्हीच काढा.

उपायही साधे आहेत. सीआयपीआधी लाइनमधलं दूध पाण्याने पुढे ढकलून दुधाच्या टाकीत घ्यायचं. पहिलं पांढरं पाणी वेगळ्या टाकीत घ्यायचं. फिलिंग मशिनखाली ट्रे लावायचे आणि ते दूध कधीच गटारात ओतायचं नाही. कॉस्टिक आणि नायट्रिकचे वॉश एकदम न सोडता इक्वलायझेशन टाकीत (वेगवेगळं सांडपाणी एकसारखं करणाऱ्या टाकीत) हळूहळू मिसळायचे. नाहीतर सकाळी पीएच १२ आणि दुपारी पीएच ३, यात कुठलाच जिवाणू जगत नाही.

यातली एकही गोष्ट ईटीपीच्या कुंपणाच्या आत नाही. सगळ्या प्रॉडक्शनच्या हद्दीत. आणि तिथेच ते जुनं वाक्य ऐकू येतं, ‘आता ईटीपीवाला प्रॉडक्शनला शिकवणार का?’ हो, शिकवणार. कितीही मीटिंगमध्ये नाकं मुरडली तरी माझं म्हणणं तेच आहे. ज्याला कॉस्टिकचा वॉश तासभर थांबवायचा लेखी अधिकार नाही, त्याचं पद कितीही मोठं असलं तरी तो फाइल सांभाळणारा आहे. नोकरीच्या मुलाखतीत तुम्ही उलट विचारा: इक्वलायझेशन टाकी भरली असताना सीआयपी थांबवायची सही कुणाची? उत्तर ‘बघू, समन्वयाने करू’ असं आलं तर पगार कितीही असो, चहा पिऊन घरी या.

सोलरबद्दल विचारलंत म्हणून थोडं. छतावर १०० किलोवॅट बसवले तर दिवसाला सरासरी ४०० युनिटच्या आसपास मिळतात. चांगलंच आहे, बसवा. पण त्याआधी प्लँट बंद असताना कॉम्प्रेसरपाशी घड्याळ घेऊन उभे राहा. हवा कुणीच वापरत नसताना तो ३ मिनिटं लोड (हवा दाबत) आणि ७ मिनिटं अनलोड (नुसता फिरत) चालत असेल तर ३० टक्के हवा गळतेय. ७५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर २४ तास चालू राहणारा असेल तर ही गळती साडेबावीस किलोवॅट, दिवसाला ५४० युनिट. छतावरच्या सगळ्या पॅनलपेक्षा जास्त. साबणाचं पाणी, ब्रश, टेफ्लॉन टेप, बदलायचे पाइप आणि एक रविवार. फक्त गळतीसमोर उभं राहून फोटो कुणी काढत नाही.

तुमच्या जागी असतो तर सोमवारी एवढंच केलं असतं: ईटीपीच्या पॅनलला वेगळा एनर्जी मीटर, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचा सीओडी (रसायनाने मोजलेली घाण) रोज, आणि त्यातून किलो सीओडीमागे किती युनिट हा एकच आकडा वहीत. शेजारच्या रकान्यात सिलिंडरचं ३० मिनिटांचं रीडिंग. पहिला आकडा उतरताना दुसरा चढत असेल तर ती बचत खोटी. ३ महिन्यांची ही वही कुठल्याही डिप्लोमापेक्षा मुलाखतीत जास्त बोलते. मॅनेजमेंटचा कोर्स नंतर करा, कंपनीच्या पैशाने.

काही गोष्टी राहिल्या. तुमचा प्लँट एसबीआर (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणारा आणि गाळ बसवणारा) असेल तर ब्लोअर ठराविक मिनिटं बंद राहणं हा त्याच्या चक्राचाच भाग आहे, नायट्रोजन काढायलाही हवा मुद्दाम थांबवतात, त्यामुळे तिथे जाऊन कुणाला माझं नाव सांगून ओरडू नका. वरचे आकडे डेअरीच्या पाण्याचे आहेत, केमिकल किंवा टेक्सटाइलला तसेच लावू नका. केमिकल प्लँटमध्ये तर ‘वॉश थांबवा’ हेही सुरक्षिततेचा अभ्यास झाल्याशिवाय म्हणायचं नाही, रिॲक्टर मध्येच थांबवणं वेगळं संकट असतं. आणि डीओ मीटरचा प्रोब दर वेळी हवेत कॅलिब्रेट करून, मेम्ब्रेनवरची साय पुसूनच टाकीत सोडा. डेअरीत तो दोन दिवसांत बुरसतो आणि मग आहे त्यापेक्षा कमी ऑक्सिजन दाखवतो.