सतरा शेकेलांचे शेत : पवित्र शास्त्रातील आशेविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना आमच्या मंडळीत यिर्मया २९:११ हे, परमेश्वराचे संकल्प हिताचे आहेत व ते आशा देणारे आहेत असे सांगणारे वचन छापलेले कार्ड देतात. वचनाचा असा वापर योग्य आहे का?

उत्तर : कार्ड अवश्य द्यावे, मात्र त्यासोबत मुलांकडून तो अध्याय पहिल्या वचनापासून वाचून घ्यावा. ख्रिस्तपूर्व ५९७ मध्ये यहूदाचा राजा यखन्या याच्याबरोबर ज्यांना बाबेलला (बॅबिलोनला) पाडाव करून नेले, त्यांना यिर्मया या संदेष्ट्याने यरुशलेमहून पाठवलेल्या पत्रातले हे वाक्य आहे. दोन वर्षांत सर्व जण परततील, असे हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले होते. यिर्मयाने मात्र सत्तर वर्षे सांगितली, म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना त्याने हेच कळवले की तुमचे मरण परक्या मातीत आहे. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात बंदिवान होऊन आलात त्याच्याच कल्याणासाठी प्रार्थना करा, अशा आज्ञा त्याच पत्रात आहेत. शिवाय मूळ हिब्रूतील ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. मराठीत आपण एकालाही आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, त्यामुळे हा फरक सहज निसटतो. वचन एका परीक्षार्थीला नव्हे, तर साऱ्या समाजाला दिलेले आहे.

प्रश्न : सत्तर वर्षांनी फळणारी आशा तोवर न जगणाऱ्यांच्या काय कामाची?

उत्तर : या प्रश्नाला यिर्मयाने युक्तिवादाने नव्हे, खरेदीखताने उत्तर दिले आहे. बत्तिसाव्या अध्यायात खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे आणि चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथ येथील शेत विकत घेण्याची गळ घालतो, कारण जवळचा नातलग म्हणून ती जमीन विकत घेऊन कुळात राखण्याचा हक्क यिर्मयाचा आहे. शत्रूच्या घशात जाणाऱ्या जमिनीचा व्यवहार कोणताही शहाणा माणूस टाळील. यिर्मया १७ शेकेल (वजनाचे एक जुने माप) रुपे ताजव्यात तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि दस्ताच्या मोहरबंद व उघड्या अशा दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास आपला लेखनिक बारूख याला सांगतो. या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा त्या कृतीचा अर्थ त्याच ठिकाणी दिला आहे. मला या प्रसंगात दोन गोष्टी विशेष वाटतात. लग्न करू नको अशी आज्ञा त्याला आधीच झालेली असल्याने (अध्याय १६) शेताला त्याच्या पोटचा वारस नव्हता. आणि व्यवहार आटोपल्यावर तो प्रार्थनेत गोंधळून विचारतो की नगर खास्द्यांच्या हाती जात असताना तू मला शेत घ्यायला कसे सांगितलेस! आधी आज्ञा पाळली, शंका नंतर विचारली. पुढे त्याला मिसर देशात नेण्यात आले आणि शेताचा उल्लेख शास्त्रात पुन्हा येत नाही.

प्रश्न : घरात मृत्यू झाल्यापासून माझ्या प्रार्थनेत तक्रारीच येतात. हा अविश्वास आहे का?

उत्तर : नाही. पवित्र शास्त्रातील विलापगीत या ग्रंथाचा तिसरा अध्याय पाहावा. हिब्रू वर्णमालेतील २२ अक्षरांना प्रत्येकी तीन अशी ६६ वचने त्यात असून देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन बऱ्याच कडवट ओळींनंतर येते. त्यानंतरही शोक थांबत नाही. तू आम्हांला अगदीच टाकलेस काय, या भीतीवरच ग्रंथ संपतो. तुमच्या तक्रारीला शास्त्रानेच जागा करून दिली आहे.

प्रश्न : ‘धार्मिक मनुष्य विश्वासाने वाचेल’ (हबक्कूक २:४) यातील विश्वास म्हणजे मत की वागणूक?

उत्तर : मूळ हिब्रू शब्द ‘एमूना’ आहे. प्रेषित पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना हे वचन ख्रिस्तावरील भरवशाविषयी वापरले, ते योग्यच. पण हिब्रूत त्या शब्दाला ढळू न देण्याची छटा आहे. अमालेक्यांशी लढाई चालू असता अहरोन व हूर यांनी आधार दिलेले मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहिले, तेथे हाच शब्द येतो. यहूदाच्या योवाश राजाच्या काळी मंदिराच्या डागडुजीचा पैसा ज्यांच्या हाती सोपवला होता, त्यांच्याकडे कोणी हिशेब मागत नसे, कारण ते ‘एमूना’ने वागत (२ राजे १२). आपल्या मंडळ्यांनी हिशेब जरूर मागावा. पण न मागताही तो चोख असेल, अशा माणसासाठी शास्त्राने हा शब्द वापरला आहे.