फायरवॉल चालू केली की राउटर आपोआप रीबूट होतो, नेमकं कुठे बघायचं?

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्सवर आधारलेलं मुक्त फर्मवेअर) टाकलेला तुमचा राउटर फायरवॉल बंद असताना दिवसभर चालतो आणि चालू केली की दहा-पंधरा मिनिटांत रीबूट होतो. एकेक नियम काढून पाहिलात, फर्मवेअरही दोनदा टाकलंत. आता नियमांना हात लावू नका. नियम ही नुसती यादी असते, कर्नल (सिस्टिमचा गाभा) कोसळत असेल तर तो ती यादी राबवणाऱ्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे कर्नलला जोडलेल्या कोडच्या तुकड्यात.

शिवाय, फायरवॉल बंद केली की नॅटही (घरातल्या सगळ्या उपकरणांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेट देणारी सोय) जातं, म्हणजे घरातल्या उपकरणांचं इंटरनेटच थांबतं. तेव्हा राउटर दिवसभर टिकला तो जवळपास रिकामा बसून. त्यावरून दोष फायरवॉलचाच आहे असं अजून म्हणता येत नाही.

आधी कर्नलचे शेवटचे शब्द मिळवा. लॉगरीड या कमांडला दिसणारा लॉग रॅममध्ये असतो, रीबूटबरोबर पुसला जातो. म्हणून सिरियल कन्सोल लावा, म्हणजे राउटर जे छापतो ते वायरने थेट लॅपटॉपवर घ्या. बोर्डवर तीन-चार पिनांची ओळ असते. 3.3 व्होल्टचा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या (5 व्होल्टचा नको, चिप जळू शकते). ग्राउंडला ग्राउंड, टीएक्सला (पाठवणारी पिन) आरएक्स (घेणारी पिन), आरएक्सला टीएक्स जोडा आणि व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची) पिन मोकळीच ठेवा. वेग बहुतेक 115200 बॉड असतो. लॅपटॉपवर सगळं फाईलमध्ये उतरवत रात्रभर सोडून द्या. कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारा नेटकन्सोलही आहे, पण नेटवर्कच्याच कोडमध्ये कोसळणारा कर्नल नेटवर्कवरून निरोप पाठवू शकेलच असं नाही.

वाचताना पहिला ऊप्स (कर्नलने छापलेला चुकीचा अहवाल) धरा, त्यानंतरचे बहुतेक त्याचेच पडसाद असतात. कॉल ट्रेसमध्ये (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी) फंक्शनच्या नावापुढे चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव येतं, ते टिपून ठेवा. ‘टेंटेड’ (कर्नल मूळ अवस्थेत नाही असं सांगणारा शब्द) याच्यापुढे ‘ओ’ अक्षर असेल तर कर्नलच्या मूळ कोडबाहेरचं मॉड्यूल लोड झालेलं आहे. तुम्ही ओपीकेजी या पॅकेज मॅनेजरला जबरदस्ती करून दुसऱ्या बिल्डचं केमॉड (कर्नल मॉड्यूलचं पॅकेज) बसवलं असेल, तर पहिला संशय त्याच्यावर.

माझ्याकडे दोन रात्रींनी ट्रेस सापडला आणि वरच्याच ओळीत एनएफ_फ्लो_टेबल हे फ्लो ऑफलोडिंगचं मॉड्यूल होतं. फ्लो ऑफलोडिंग जुळलेल्या कनेक्शनचे पॅकेट नेहमीची लांब वाट टाळून आडवाटेने पुढे ढकलतं. माझ्या राउटरवर पीपीपीओई (इंटरनेट कंपनीशी लॉगिन करून होणारी जोडणी) तुटून पुन्हा जोडलं गेलं की बरोबर त्याच वेळी कर्नल पडायचा. मी हार्डवेअर ऑफलोडिंग (हेच काम चिपवर सोपवणारी सोय) बंद केलं आणि रीबूट थांबले. त्याआधी मीही आठवडाभर नियमच खोडत बसलो होतो. तुम्हीही आधी हार्डवेअर ऑफलोडिंग बंद करून बघा, तरी पडला तर सॉफ्टवेअरचंही.

ट्रेसऐवजी ‘आउट ऑफ मेमरी’ दिसलं तर मात्र रॅम अपुरी पडतेय. 64 एमबीच्या राउटरवर लाखभर पत्त्यांची ब्लॉकलिस्ट टाकली की असं होतं. ‘एनएफ_कॉनट्रॅक टेबल फुल’ या ओळीला घाबरू नका, तिने पॅकेट गळतात, कर्नल कोसळत नाही.

आणि काहीच न छापता एकदम बूटलोडर (राउटर चालू होताना पहिला चालणारा प्रोग्रॅम) सुरू झाला, तर वॉचडॉगने (सिस्टिम अडकली की रीसेट करणारा टायमर) रीसेट केलंय किंवा पॉवर अडॅप्टर भाराखाली दम टाकतोय. अडॅप्टर बदलून बघा, ते सगळ्यात सोपं.

ट्रेस मिळाला की ‘कट हिअर’पासून ‘एंड ट्रेस’पर्यंतचा मजकूर न कापता इथे टाका. सोबत कर्नलची आवृत्ती आणि चिपसेटही लिहा, मी वाचून सांगतो.