शाळेत जर्मन शिकवतो; वर्गासाठी साहित्य आणि स्वतःसाठी प्रशिक्षण कुठे मिळेल?

साहित्यासाठी आधी डॉइचे वेले, म्हणजे जर्मनीची सार्वजनिक प्रसारण संस्था, कारण फुकट आहे. त्यांची ‘निकोस वेग’ ही व्हिडिओ मालिका ए१ (अगदी सुरुवातीची पातळी) ते बी१ (मधली पातळी) पर्यंत जाते आणि निकोची हरवलेली बॅग आठवी-नववीच्या पोरांना बरोबर धरून ठेवते. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवा, संवाद मुलांकडून वदवून घ्या, मगच आवाज सोडा. गोंधळ होतो, होऊ द्या.

प्रशिक्षणासाठी गोएथे-इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन. त्यांच्या ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ अभ्यासक्रमात स्वतःच्याच वर्गात छोटा प्रयोग करून त्याची नोंद मांडायची असते. दिवसभराच्या भाषणबाज कार्यशाळांपेक्षा हे कितीतरी कामाचं. मात्र स्वतःचं जर्मन बी१वरच अडकलं असेल, तर आधी त्यावर पैसे घाला.